तळहातावरची अक्षरे

शाळेची मधली सुटी झाली, म्हणजे पटांगणाला जणू नवा जीव येतो. एका बाजूस लगोरीचा डाव मांडला जातो, दुसऱ्या बाजूस खो-खोची पाटी बसते, झाडाखाली डबे उघडतात आणि एकमेकांच्या भाजीची चव घेतली जाते. या सगळ्या गलबल्यात एखादा मुलगा मात्र वर्गाच्या पायरीवर एकटाच बसलेला असतो. त्याच्या कुबड्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात. त्याला कोणी छळीत नाही, कोणी हाकलूनही देत नाही. जाता-येता एखादा त्याच्याकडे पाहतो आणि 'बिचारा!' असे मनाशी म्हणून पुढे जातो. डावात मात्र त्याला कोणी बोलावीत नाही. घंटा होते, मुले धावत वर्गात शिरतात आणि तो मुलगाही कुबड्या सावरून आपल्या जागी जाऊन बसतो. त्या अर्ध्या तासात त्याच्याशी कोणी एक शब्दही बोललेले नसते.

अपंग मनुष्याच्या वाट्याला येणारे दुःख दोन प्रकारचे असते. डोळ्यांनी न दिसणे, कानांनी ऐकू न येणे, पायांत चालण्याचे बळ नसणे, हे झाले पहिले दुःख. ते हलके करण्याचे काम वैद्यांचे, शिक्षकांचे आणि यंत्रे बनविणाऱ्या कारागिरांचे आहे. दुसरे दुःख आहे एकाकीपणाचे. ते शरीरातून उत्पन्न होत नाही. भोवतालची माणसे दूर राहतात म्हणून ते उत्पन्न होते. यावर कोणत्याही औषधालयात औषध मिळत नाही. ते औषध आपल्यासारख्या सामान्य माणसांच्याच हाती असते, आणि त्याचे नाव मैत्री.

ही गोष्ट काही थोड्या लोकांपुरती आहे असेही नाही. २०११ सालच्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होत्या. म्हणजे असे गाव नाही आणि अशी आळी नाही, जेथे या प्रश्नाने दार ठोठावलेले नाही.

अशा एकाकी मनुष्याशी मैत्री कशी जुळते आणि ती काय करू शकते, हे समजण्यासाठी आपण एका जुन्या, खऱ्या हकिकतीकडे वळू. ही हकिकत अमेरिकेतील आहे.

त्या देशाच्या ईशान्य भागात न्यू हॅम्पशायर नावाचे राज्य आहे. तेथील हॅनोव्हर गावाजवळ ब्रिजमन नावाचे एक शेतकरी कुटुंब राहत असे. २१ डिसेंबर १८२९ रोजी त्या घरी लॉरा नावाची मुलगी जन्मली. ती दोन वर्षांची झाली असता घरात तांबड्या तापाची साथ शिरली. तिची भावंडे त्या तापात दगावली. लॉरा वाचली, परंतु तिची दृष्टी गेली, श्रवणशक्ती गेली, आणि वास व चव हीदेखील जवळजवळ नाहीशी झाली. जगाशी नाते ठेवावयास तिला आता केवळ स्पर्श उरला.

घरच्या माणसांनी तिच्याशी बोलण्याच्या चार-दोन खुणा ठरविल्या. डोक्यावर थोपटले म्हणजे शाबासकी. पाठीवर थापटले म्हणजे नापसंती. पुढे ढकलले म्हणजे जा, ओढले म्हणजे ये. यापलीकडे बोलणे नव्हते. आईवडील प्रेमळ होते. पण शेतीची आणि घरची कामे सदैव मागे लागलेली. त्या मुलीला जे एक मोठे जग हवे होते, ते दाखवावयास त्यांना सवड नसे.

ती सवड काढली एका भलत्याच माणसाने. त्याचे नाव आसा टेनी. तो त्या घरी काम करणारा, एकटा राहणारा गडी होता. त्याला स्वतःलाच नीट बोलता येत नसे. गावातील लोक त्याला भोळसट समजत आणि कोणी फारसे त्याच्या वाटेस जात नसे. परंतु या माणसाने त्या मुलीचा हात धरला. तो तिला रानात फिरावयास नेई, ओढ्याकाठी नेऊन बसवी. ती पाण्यात दगड टाकी आणि काठाशी येणाऱ्या लाटांचा स्पर्श तिच्या हाताला होई. जमीन कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते, हे त्या मुलीला अशा रीतीने समजले. टेनीने तेथील मूळ रहिवाशांच्या काही हातखुणा पाहिलेल्या होत्या. त्यांच्या आधाराने तो तिच्याशी संवाद करू लागला. आपले बालपण सुखाचे झाले ते या मित्रामुळे, असे लॉरा पुढे म्हणत असे.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. टेनीपाशी धन नव्हते, विद्या नव्हती, अपंगांना शिकविण्याचे कसलेही शास्त्र त्याला ठाऊक नव्हते. त्याच्यापाशी दोनच गोष्टी होत्या: वेळ आणि धीर. ज्या खुणेने ती मुलगी बोलू शकेल, ती खूण आपण शिकावी, एवढे त्याला उमगले होते.

पुढे १८३७ सालच्या ऑक्टोबरात, आठवे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, लॉरा बॉस्टन शहरातील पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली. तेथील प्रमुख डॉक्टर सॅम्युअल हाउ यांनी तिला भाषा शिकविण्याचा निश्चय केला. चमचा, सुरी, किल्ली, पुस्तक अशा नित्याच्या वस्तूंवर त्यांनी उठावदार अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटविल्या. लॉरा वस्तू चाचपी आणि मग चिठ्ठी चाचपी. प्रथम ती केवळ अनुकरण करीत असे. परंतु एके दिवशी तिच्या ध्यानी आले, की आपल्या मनातील गोष्ट दुसऱ्याच्या मनात पोहोचविण्याचे हे साधन आहे. त्या क्षणी तिचा चेहरा उजळून निघाला, असे डॉक्टर हाउ यांनी लिहून ठेवले आहे.

त्यानंतर ती बोटांची लिपी शिकली. या लिपीत प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक ठराविक ठेवण असते. बोलणाऱ्याने ती ठेवण ऐकणाऱ्याच्या तळहातात करावयाची आणि ऐकणाऱ्याने स्पर्शाने ती ओळखावयाची. अशा रीतीने अक्षरांमागून अक्षरे तळहातावर उमटत जातात. त्यांचे शब्द होतात, शब्दांची वाक्ये होतात. लॉरा या लिपीत इतकी निपुण झाली, की तिचे नाव दूरदूर पसरले. १८४२ साली इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याने तिची भेट घेतली आणि आपल्या प्रवासवर्णनात तिच्याविषयी लिहिले. शेकडो लोक तिला पाहावयास येऊ लागले.

पाहावयास येणारे पुष्कळ असले, तरी त्यामुळे मित्र पुष्कळ होतात असे नाही. तिचे शिक्षण १८५० च्या सुमारास पूर्ण झाले. तिची आवडती शिक्षिका विवाह करून निघून गेली आणि लॉरा आपल्या घरी परतली. घरची माणसे कामात गुंतलेली. तिच्या तळहातावर अक्षरे काढीत बसावयास कोणाला फुरसत नव्हती. एकदा संवादाची गोडी लागलेल्या त्या तरुणीला ही शांतता सोसवेना. तिचे खाणेपिणे तुटले, ती खंगत गेली, आणि तिच्या जिवाविषयी काळजी वाटू लागली. तिला कोणताही नवा रोग झाला नव्हता. एकाकीपणानेच तिला घेरले होते. अखेर तिला शाळेत परत आणले गेले. डॉक्टर हाउ आणि डोरोथिया डिक्स यांच्यासारख्या स्नेह्यांनी निधी उभारला आणि तिने पुढील सारे आयुष्य त्या शाळेतच राहावे अशी व्यवस्था केली. तेथे ती विणकाम करी, लेस विणून विके, वाचन करी आणि ज्याला बोटांची लिपी येई त्याच्याशी बोले.

मनुष्याला अन्न लागते, वस्त्र लागते, निवारा लागतो, हे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो. लॉराच्या या प्रसंगावरून दिसते, की त्याला संगतीचीही तितकीच गरज असते. घरात अन्न होते, वस्त्र होते, प्रेमही होते; पण संवाद नव्हता, म्हणून जीव जाण्याची वेळ आली.

लॉराची कथा येथेच संपत नाही. १८८० साली पर्किन्स शाळेत ॲन सलिव्हन नावाची चौदा वर्षांची एक मुलगी आली. ती गरीब होती. तिचे काही बालपण अनाथ-दरिद्री लोकांच्या आश्रमात गेले होते. डोळ्यांच्या रोगाने तिची दृष्टी अधू झाली होती. या शाळेत तिची गाठ लॉराशी पडली. लॉरा तेव्हा पन्नाशीची होती. तिच्या कीर्तीचा काळ मागे पडला होता. ॲनने बोटांची लिपी शिकून घेतली आणि ती या वृद्धत्वाकडे झुकलेल्या बाईशी बोलत बसू लागली. आपण काही मोठे कार्य करीत आहोत, अशी कल्पनाही त्या मुलीच्या मनात नसेल. एका एकाकी बाईशी बोलावे, एवढाच तिचा हेतू असावा. परंतु या गप्पांतून तिच्या हाती एक किल्ली आली.

ती किल्ली लवकरच उपयोगी पडली. दक्षिणेकडील अलाबामा राज्यात टस्कम्बिया या गावी २७ जून १८८० रोजी हेलन केलर ही मुलगी जन्मली होती. अवघ्या एकोणीस महिन्यांची असताना आजाराने तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. लहानग्या हेलनलाही प्रथम एक सोबतीण लाभली होती. ती म्हणजे घरच्या स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन. या दोघी कोंबड्यांना दाणे घालीत, स्वयंपाकघरात कणीक मळीत, गवतात लपविलेली अंडी शोधीत. अंडी शोधावयास जावयाचे असले, म्हणजे हेलन हाताच्या मुठी करून जमिनीवर ठेवी. मार्थाला तिची खूण तत्काळ कळे. मार्था ही नोकराची, त्यातून कृष्णवर्णी मुलगी. तिला 'नाही' म्हणण्याची मुभा फारशी नव्हती आणि हट्टी हेलन तिच्यावर पुष्कळ हुकमत गाजवी, ही गोष्ट हेलनने पुढे स्वतःच सांगितली आहे. तरीही मोठ्यांना जे उमगत नव्हते, ते त्या मुलीला उमगत होते, हे विसरता येत नाही.

हेलनच्या आईने डिकन्सच्या पुस्तकात लॉराची हकिकत वाचली आणि तिच्या मनात आशा उत्पन्न झाली. चौकशी करता करता पर्किन्स शाळेशी पत्रव्यवहार झाला आणि ३ मार्च १८८७ रोजी ॲन सलिव्हन हेलनची शिक्षिका म्हणून टस्कम्बियाला पोहोचली. येताना तिने शाळेतील अंध मुलींनी पाठविलेली एक बाहुली आणली होती. त्या बाहुलीचे कपडे लॉरा ब्रिजमनने आपल्या हातांनी शिवलेले होते. ॲनने हेलनच्या तळहातावर पहिला शब्द लिहिला तो 'बाहुली' हाच. महिन्याभराने, ५ एप्रिल रोजी, पंपाखाली हेलनचा एक हात धरून ॲनने तिच्या दुसऱ्या हातावर 'पाणी' हा शब्द लिहिला. आणि प्रत्येक वस्तूस नाव असते, हे त्या मुलीला एकाएकी समजले. पुढे १९०४ साली हेलन पदवीधर झाली. तिने ग्रंथ लिहिले, देशोदेशी प्रवास केला. १९५५ साली ती भारतातही येऊन गेली. ॲन सलिव्हन १९३६ साली मरण पावेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, या दोघींची सोबत टिकली.

आता ही साखळी पुन्हा एकदा पाहा. नीट बोलता न येणाऱ्या टेनीने लॉराचा हात धरला. लॉराने ॲनला आपली भाषा दिली. ॲनने ती हेलनच्या हाती ठेवली. या साखळीतील प्रत्येक मनुष्य स्वतः कशाने तरी उणा होता. अपंग मनुष्य केवळ घेणारा आणि धडधाकट मनुष्य केवळ देणारा, ही आपली समजूत किती खोटी आहे, हे यावरून कळून येते. आणि दया व मैत्री यांतील भेदही येथेच आहे. दया वरून खाली पाहते. मैत्री शेजारी येऊन बसते. दया करणारा देऊन निघून जातो. मित्र देतो, घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

मग अशी मैत्री करावी कशी? त्यासाठी काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवल्या, म्हणजे पुरे.

पहिली गोष्ट ही, की मदत करण्यापूर्वी विचारावे. अंध मनुष्य रस्त्याच्या कडेला उभा दिसला, की काही लोक त्याला दंडाला धरून पलीकडे ओढीत नेतात. त्याला पलीकडे जावयाचे आहे की नाही, हेही ते विचारीत नाहीत. 'आपणांस सोबत हवी आहे काय?' असे विचारावे. होकार मिळाला, तर आपला दंड त्याला धरू द्यावा आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. म्हणजे आपल्या चालीवरून त्याला चढउतार कळतो. अंध मित्राजवळ गेल्यावर आपले नाव सांगावे आणि निघताना 'मी येतो' असे सांगून निघावे. नाहीतर तो रिकाम्या हवेशी बोलत राहतो.

दुसरी गोष्ट, ज्याची जी भाषा असेल ती आपण शिकावी. बहिऱ्या मुलाशी बोलताना ओरडून उपयोग नसतो. उजेडात, त्याच्या समोर उभे राहून, ओठ स्पष्ट हलवून सावकाश बोलावे. त्याला हातखुणांची भाषा येत असेल, तर त्याच्याकडूनच रोज दोन-चार खुणा शिकाव्या. महिन्याभरात शंभर खुणा होतात, आणि शंभर खुणांत पुष्कळ गप्पा मारता येतात. अंध मुलांसाठी फ्रान्समधील लुई ब्रेल याने सहा उठावदार ठिपक्यांची लिपी तयार केली. तो स्वतः अंध होता. भारतीय भाषांसाठी तिच्यावरून तयार झालेली भारती ब्रेल १९५१ साली स्वीकारली गेली. आपली मराठीही तिच्यात लिहिता येते. डोळसांनाही ती डोळ्यांनी पाहून शिकता येते. आपल्या अंध मित्राला त्याच्या लिपीत दोन ओळींचे पत्र मिळाले, तर त्याला किती आनंद होईल! या लुई ब्रेलनेही १८३९ साली आणखी एक पद्धती प्रसिद्ध केली होती. तिच्यात नेहमीच्या अक्षरांचे आकार ठिपक्यांनी उमटविता येत, म्हणजे अंधाने लिहिलेले पत्र त्याच्या डोळस आप्तांनाही वाचता येई. अंध मनुष्य डोळसांसाठी एवढा खटाटोप करतो. मग डोळसांनी चार पावले पुढे यावयास नको काय?

तिसरी गोष्ट, धीर धरावा. कोणाची जीभ जड असते, कोणाच्या स्नायूंवर ताबा नसल्यामुळे शब्द उमटावयास वेळ लागतो. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. समजले नसेल, तर समजल्याचे सोंग न करता 'पुन्हा सांग' असे मोकळेपणाने म्हणावे. सोंग तत्काळ ओळखू येते आणि मनाला लागते. जो चाकांच्या खुर्चीत बसतो, त्याच्याशी बोलताना शक्य तर आपणही बसावे, म्हणजे नजर समोरासमोर येते. त्याची खुर्ची हा त्याच्या शरीराचाच भाग समजावा; विचारल्यावाचून तिला हात लावू नये. आणि त्याच्या सोबत्याला 'याला काय हवे?' असे न विचारता त्यालाच विचारावे.

चौथी गोष्ट, डावात घ्यावे. सगळेच खेळ पायांनी खेळावे लागत नाहीत. कॅरम आहे, बुद्धिबळ आहे, अंताक्षरी आहे. अंधांसाठी बुद्धिबळाचा पट असा करतात, की सोंगट्या खाचेत बसतात आणि चाचपताना पडत नाहीत. त्यांच्या क्रिकेटच्या चेंडूत खुळखुळणारे दाणे घातलेले असतात. नियम थोडा वाकविला, तर मुलगा डावात येतो. मुलगा आला, की डाव अधिक रंगतो. मात्र त्याला मुद्दाम जिंकू देऊ नये. हरण्याचा मान हाही खेळाडूचाच मान आहे.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आरंभ करून मध्येच सोडू नये. दोन दिवस उत्साहाने जावयाचे आणि तिसऱ्या दिवशी विसरावयाचे, हे न जाण्याहून वाईट. ज्याची वाट पाहण्यातच दिवस जातो, त्याला आपण न आल्याचे दुःख आपल्या कल्पनेहून अधिक होते. रोज जाणे जमत नसेल, तर आठवड्यातून एकच दिवस ठरवावा. पण तो पाळावा. तसेच त्याच्याकडून घेण्यासही संकोचू नये. त्याला गणित चांगले येत असेल, तर गणित विचारावे; तबला येत असेल, तर तबला शिकावा. आपला कोणाला तरी उपयोग होतो, या जाणिवेएवढे बळ दुसऱ्या कशात नाही.

आज आपल्या देशात यासाठी कायदाही आहे. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली आहेत आणि इतर मुलांच्या बरोबरीने शाळेत शिकण्याचा हक्क दिव्यांग मुलांना दिला आहे. बहिऱ्या-अंध मुलांसाठी मुंबईत १९७७ साली शाळा निघाली; ती हेलन केलरच्याच नावाने ओळखली जाते. या गोष्टी मोलाच्या आहेत. कायद्याने शाळेचे दार उघडते, उतरती वाट बांधली जाते, वर्गात बाक मिळतो. परंतु त्या बाकावर शेजारी कोणी आपण होऊन बसावे, ही गोष्ट कोणत्याही कायद्याला करविता येत नाही.

उद्या मधली सुटी होईल. पटांगण पुन्हा गजबजेल. पायरीवरचा तो मुलगा कुबड्या भिंतीला टेकवून बसलेला असेल. त्याच्याजवळ जावयास मोठी विद्या लागत नाही. आसा टेनीपाशीही ती नव्हती. आपला डबा घेऊन त्याच्या शेजारी बसावे, त्याचे नाव विचारावे आणि आपले सांगावे. पुढची अक्षरे मग आपोआप सुचत जातात.